मुंबईत नव्याने आलात? बाहेर खा, पण पोट सांभाळून

नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी मुंबईत आलेल्या माणसाला पहिले काही महिने तरी बाहेर खाण्यावाचून गत्यंतर नसतं. खोलीत गॅस नसतो, घरमालकिणीला स्वयंपाकघर वापरलेलं चालत नाही, आणि कल्याण किंवा विरारची लोकल पकडून मुक्कामी पोचेपर्यंत रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. अशा वेळी 'बाहेरचं खाऊ नकोस' हा गावाहून फोनवर मिळणारा सल्ला कितीही मायेचा असला तरी कामाचा नाही. बाहेरचं खावं लागणारच आहे. मग ते नीट पारखून खायला शिकायचं.

पारख करताना हॉटेल भारी की साधं हे आधी डोक्यातून काढा. मी एवढंच बघते: हा पदार्थ शेवटचा विस्तवावर कधी होता, आणि तिथून माझ्या ताटात येईपर्यंत त्याला कुठलं पाणी आणि कुणाचा हात लागला? फुटपाथवरचा कढईतून थेट हातात आलेला वडा या कसोटीला उतरतो, आणि एसी हॉटेलातलं सकाळी चिरून ठेवलेलं सॅलड नापास होतं. खाली सांगितलेलं सगळं या एका प्रश्नातूनच आलेलं आहे.

१. पहिले दोन आठवडे जपून

नव्या गावात पोट लगेच रुळत नाही. प्रवासाची दगदग, झोपेचे हाल आणि बदललेलं पाणी, सगळं एकदम अंगावर येतं. म्हणून पहिले दोन आठवडे फक्त वाफाळतं, समोर शिजलेलं खा आणि पाणी स्वतःच्या बाटलीतलं प्या. खाऊगल्ल्या कुठे पळून जात नाहीत.

'एकदा पोट सवयीचं झालं की काही होत नाही' असं जुने मुंबईकर सांगतील. काही जंतूंच्या बाबतीत त्यात थोडं तथ्य आहे. पण टायफॉईड आणि कावीळ सवयीला जुमानत नाहीत, त्यामुळे या वाक्याच्या भरवशावर राहू नका.

याच दिवसांत ऑफिसजवळ दोन आणि खोलीजवळ एक-दोन अशी जेवणाची ठिकाणं हेरून ठेवा आणि तिथलं नेहमीचं गिऱ्हाईक व्हा. रोज नवीन जागा शोधणाऱ्याला रोज नवा धोका असतो. शिवाय ओळख झाली की वेटरच हळूच सांगतो, 'साहेब, आज उसळ नका घेऊ, भेंडी आत्ता झालीय.' ही माहिती कुठल्याही ॲपवर मिळत नाही.

२. बसण्याआधी दोन मिनिटं बघा

गर्दी बघा, पण कोणाची आहे तेही बघा. बँकेतले कर्मचारी, टॅक्सीवाले, शिपाई, आजूबाजूचे दुकानदार रोज तिथेच जेवत असतील तर ती चांगली खूण. आजारी पडायला लागले तर ते दुसऱ्याच दिवशी समोरच्या हॉटेलात जातील. स्टेशनबाहेरची गर्दी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्यांची असते. त्यातला माणूस पुन्हा यायचाच नसतो, त्यामुळे त्या गर्दीवरून फारसं काही कळत नाही.

मग बेसिनकडे जा. साबण आहे का? गिऱ्हाइकांच्या बेसिनवर साबण नसेल तर आत आचाऱ्यासाठी असेल याची खात्री कशाला धरायची? टेबल पुसायचं फडकं बघा. त्याच ओल्या, कळकट फडक्याने ताटही पुसलं जात असेल तर उठून निघा. आणि वेटर पाण्याचे ग्लास कसे आणतो ते नीट पाहा. चार ग्लासांत चार बोटं बुडवून, एका हाताने ते टेबलावर टेकवणं ही मुंबईतल्या कितीतरी हॉटेलांची जुनी खोड आहे. त्याच बोटांनी आत्ता उष्टी ताटं उचललेली असतात. असा ग्लास समोर आला तर पाणी तसंच राहू द्या. भांडायची गरज नाही.

गल्ल्यामागे भिंतीवर एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना किंवा नोंदणीचं प्रमाणपत्र लावलेलं असतं, त्यावर १४ आकडी क्रमांक असतो. छोट्या गाडीवाल्यालाही नोंदणी लागते. 'फूड सेफ्टी कनेक्ट' या सरकारी ॲपवर तक्रारही करता येते. हा क्रमांक असला म्हणजे धंदा नोंदलेला आहे, एवढंच त्यातून कळतं. स्वयंपाकघर आज धुतलं आहे का, हे तुमच्या डोळ्यांनाच बघावं लागेल.

३. पाणी

मुंबईचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा, मोडकसागर, विहार आणि तुळशी या जलाशयांतून येतं आणि त्यातलं बरंचसं भांडुपच्या केंद्रात शुद्ध होतं. तिथून ते निघतं तेव्हा पिण्याजोगं असतं. घोळ पुढे होतो. बहुतेक भागांत पाणी दिवसातले ठरावीक तासच येतं. नळ बंद झाला की पाइपातला दाब उतरतो, आणि कुठे गळती असेल, शेजारून गटार जात असेल, तर तिथली घाण आत ओढली जाते. त्यानंतर पाणी इमारतीच्या टाकीत जातं, तिथून हॉटेलच्या पिंपात, पिंपातून जगमध्ये. टाकी शेवटची कधी धुतली हे कोणालाच आठवत नसतं. त्यामुळे 'मुंबईचं पाणी चांगलं आहे' हेही खरं, आणि टेबलावरच्या ग्लासाबद्दल शंका घेणंही बरोबर.

वेटर विचारतो, 'साधं की बिसलेरी?' रोज बाटली विकत घेणं परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. खोलीवर पाणी उकळा. उकळी फुटल्यावर मिनिटभर खळखळू द्या, झाकून गार करा आणि एक लिटरची स्टीलची बाटली रोज बरोबर न्या. विजेची साधी किटली एवढ्यासाठी पुरते. विकतची बाटली घेतली तर झाकणाचं सील स्वतः तोडा आणि रिकामी बाटली चेपूनच टाका, म्हणजे ती कोणी परत भरून विकणार नाही. वीस लिटरच्या थंडगार जारला फसू नका. त्यावर लेबल किंवा सील नसेल, तर ते फक्त गार केलेलं पाणी असू शकतं. गार पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे.

बर्फाने जंतू मरत नाहीत, झोपून राहतात आणि सरबतात विरघळले की जागे होतात. मासे आणि इतर माल गार ठेवायचा बर्फ खाण्याच्या बर्फापासून ओळखता यावा म्हणून महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे. नियम चांगला आहे. पण रस्त्यावर बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून फुटपाथवरून ओढत आणतात आणि तिथेच फोडतात, त्यामुळे पांढऱ्या बर्फाचीही खात्री देता येत नाही. गोळा, बर्फ घातलेलं सरबत, फालुदा हे सगळं ओळखीच्या जागेसाठी राखून ठेवा.

उसाचा रस बिनबर्फाचा मागा. चरकाभोवती माशा घोंगावत असतील आणि ग्लास एकाच बादलीत बुचकळून परत दिले जात असतील तर पुढे चला. आल्याचा तुकडा आणि लिंबू टाकलं म्हणून रस निर्जंतुक होत नाही. स्टेशनवरच्या ताकात पाणी आणि बर्फ दोन्ही असतात, त्यापेक्षा पिशवीबंद ताक बरं. मला विचाराल तर उन्हातून आल्यावर सगळ्यांत भरवशाचं पेय म्हणजे समोर फोडलेलं शहाळं. चहाही सुरक्षित, कारण तो उकळत असतो. कप तेवढा कागदी घ्या किंवा कुल्हड.

४. गाडीवरचं खाणं

हा भाग थोडा लांबणार आहे, कारण नवखा माणूस सगळ्यांत जास्त इथेच खातो आणि सगळ्यांत जास्त चुकीच्या गोष्टीला घाबरतो.

वडापाव हा या शहरातला गरिबाचा भरवशाचा घास आहे. वडा उकळत्या तेलातून निघतो, तिथे जंतूंचा निभाव लागत नाही. पण तो घाणा आत्ता निघालेला हवा. परातीत तासाभरापूर्वीचे वडे रचून ठेवलेले दिसले तर विचारा, 'गरम घाणा कधी?' पाच मिनिटं थांबायची तयारी ठेवा. गर्दीच्या गाडीवर तेवढंही थांबावं लागत नाही. लसणाची सुकी चटणी बिनधास्त घ्या, त्यात पाणी नसतं. तळलेली मिरची घ्या. हिरवी ओली चटणी मात्र नाकारायला शिका. कोथिंबीर कच्ची, ती धुतली की नाही ते ठाऊक नाही, वाटताना कुठलं पाणी घातलं ते ठाऊक नाही, आणि ती सकाळपासून त्याच डब्यात उन्हात बसलेली. वडापाव खाऊन पोट बिघडलं की लोक वड्याला नावं ठेवतात, पण मला पहिला संशय येतो तो या चटणीचा. चिंच-गुळाची गोड चटणी उकळलेली असेल तर तितकी धोक्याची नाही. वर्तमानपत्राच्या कागदात बांधून देत असेल तर नको म्हणा. शाईत आरोग्याला घातक द्रव्यं असतात म्हणून एफएसएसएआयनेही कागदात अन्न बांधू नका असं बजावलेलं आहे. तिथेच उभं राहून प्लेटमध्ये खा.

पाणीपुरीच्या गाडीजवळ उभे राहून एकदा फक्त बघा. तो अंगठ्याने पुरी फोडतो, बटाटा भरतो, मग पुरीसकट हात मडक्यात मनगटापर्यंत बुडवून पुरी तुमच्या द्रोणात ठेवतो. मधेच कोणी पैसे देतं. तो हात पुसतो कमरेच्या फडक्याला, नोट मोजून सुटे परत देतो, आणि पुन्हा तोच हात मडक्यात. त्या पाण्याला कधी उकळी मिळालेली नसते आणि दिवसभरात शेकडो वेळा त्यात हात जातो. हातमोजा घातला म्हणूनही फरक पडत नाही, तोच मोजा नोटाही मोजतो. पाणीपुरी मलाही प्राणप्रिय आहे आणि ती कायमची सोडा असं मी कोणाला सांगणार नाही. पण सीलबंद पाणी वापरणाऱ्या, पळीने पाणी घालणाऱ्या आणि पैशांसाठी वेगळा माणूस असणाऱ्या जागीच खा. जून ते सप्टेंबर अजिबात नको. गाडीवर जिभेचे चोचले पुरवायचेच असतील तर कांदा-चटणीविना सुकी भेळ मागा किंवा तव्यावर रटरटणारा रगडा घ्या.

सँडविचवाल्याकडे काकडी, बीट, टोमॅटो, उकडलेला बटाटा यांच्या चकत्या आधीच कापून मांडलेल्या असतात. टोस्टने पाव भाजला जातो, आतली काकडी कोमटच राहते. उन्हाळ्याच्या दुपारी चारला त्या चकत्यांचं काय झालं असेल याचा विचार करा. समोर चिरून देणारा भेटला तर घ्या, नाहीतर बटाटा-चीज ग्रिल करून, वाफ येईपर्यंत भाजून मागा.

चायनीजच्या गाडीवर ज्वाळा उठतात, त्यामुळे तिथे सगळं निर्धोक वाटतं. पण बारकाईने पाहा: नूडल्स दुपारीच उकडून, तेल लावून परातीत ढीग केलेल्या असतात, भात मोठ्या टोपात गार पडलेला असतो. गार पडलेल्या भाताचा धोका वेगळा आहे. 'बॅसिलस सीरियस' नावाच्या जंतूचे बीजाणू तांदूळ शिजला तरी मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की ते वाढतात आणि उलट्या करवणारं विष सोडतात. ते विष नंतर कितीही परतलं तरी नष्ट होत नाही, म्हणजे कढईखालची आग इथे कामाला येत नाही. म्हणून संध्याकाळी सात-साडेसातला, धंदा सुरू होताना खा. मध्यरात्री टोपाच्या तळाचा फ्राइड राइस घेऊ नका. लाल रंगाची चिकन लॉलीपॉपही पुन्हा नीट तळून, हाडापर्यंत चटका बसेल इतकी गरम करून घ्या.

रात्री उशिरा भूक लागली तर भुर्जीपाव किंवा ऑम्लेटपाव सगळ्यांत उत्तम. अंडं समोर फुटतं, तव्यावर शिजतं, दोन मिनिटांत ताटात. 'कडक कर' एवढं सांगा. उकडलेली अंडी स्वतः सोलून घ्या.

पावभाजी तव्यावर रटरटत असेल तर छान, वरचा कच्चा कांदा वेगळा ठेवायला सांगा. मिसळीतही तेच: रस्सा उकळता असतो, कांदा तसा नसतो. लिंबाची फोड आपल्या हाताने पिळा. जाळीखाली मांडलेली पपई-कलिंगडाची कापलेली प्लेट टाळा. केळी आणि संत्री स्वतः सोलून खाल्लीत तर शंकाच नको.

५. मासे, मटण आणि मेयोनेज

मालवणी खानावळीतलं गरम कालवण आणि ताजी तळलेली तुकडी खायला हरकत नाही. दोन गोष्टी माहीत असू द्या. बांगडा, सुरमई, टूना हे मासे पकडल्यावर बर्फात नीट राहिले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवल्याने किंवा तळल्याने जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लालबुंद होणं, डोकं ठणकणं, अंगावर पित्त उठणं ही त्याची लक्षणं. घासाला जिभेवर मिरमिरल्यासारखी चव आली तर तो तिथेच थांबवा. दुसरी गोष्ट तिसऱ्या आणि कालवं या शिंपल्यांची. हे जीव पाणी गाळून जगतात, त्यामुळे खाडीच्या पाण्यातली घाण त्यांच्यात साठते. अर्धीकच्ची कधीच खाऊ नका. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या काळात 'ताजा पापलेट' अशी पाटी दिसली तर तो कुठून आला असं विचारायला लाजू नका.

शोरमा आणि मेयोनेज याबाबत मी कडक आहे. फिरत्या सळीवरच्या मांसाचा बाहेरचा थर भाजतो, आतला कोमट राहतो आणि गर्दी वाढली की तोच कापून दिला जातो. मे २०२४ मध्ये मानखुर्दला असाच शोरमा खाल्ल्यानंतर एका १९ वर्षांच्या मुलाचा जीव गेला. मेयोनेज कच्च्या अंड्याचं असेल तर साल्मोनेला या जंतूचं भय. तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर वर्षभराची बंदी घातली होती. मोमोबरोबर येणारी ती पांढरी वाटी बाजूला सारा.

६. वेळ, पार्सल आणि मेस

जेवायची वेळ साधणं ही फुकटातली सगळ्यांत मोठी सावधगिरी आहे. उडप्याकडे राइस प्लेट साडेबारा ते दोनमध्ये घ्या. तेव्हा टोप भराभर रिकामे होतात आणि नवे येतात. चारला तीच भाजी टोपाच्या तळाशी असते. इडली-डोसा सकाळी खा. ओल्या नारळाची चटणी दुपारनंतर आंबूस होते, तेव्हा उकळत्या सांबारावर भागवा.

शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली गार ठेवायचं असतं. मधल्या तापमानात जंतू वाढतात. साधारण दोन तास ही मर्यादा धरा, मे महिन्याच्या उकाड्यात एकच तास. घरपोच मागवलेली बिर्याणी आली की लगेच खा. उरली तर फ्रिजमध्ये टाका, आणि सामायिक फ्रिज बंद-चालू होत असेल तर सरळ टाकून द्या. अन्न टाकताना जिवावर येतं, आपल्याकडे तसे संस्कारच आहेत. म्हणून मागवतानाच कमी मागवा.

महिन्याची मेस किंवा डबा लावताना आधी चार-आठ दिवस रोजच्या पैशांनी जेवून बघा, मग आगाऊ रक्कम द्या. स्वयंपाकघर दाखवा असं सांगा. डबा घरगुती असेल तर ती बाई आनंदाने दाखवते. पाणी कुठलं वापरता, स्वयंपाक किती वाजता होतो, डबा किती वाजता पोचतो, हे तीन प्रश्न विचारा. पहाटे पाचला भरलेला डबा दुपारी दीडला उघडायचा असेल तर त्यात पोळी आणि सुकी भाजी ठीक. दहीभात, नारळाची आमटी, पनीर नको. पोळी-भाजी केंद्र जवळ असेल तर संध्याकाळसाठी त्याहून सोपा मार्ग नाही: गरम पोळ्या विकत घ्या, दही-केळी आपली.

७. हात

लोकलच्या दांड्याला लावलेला हात तसाच घासाला लावू नका. खिशात कागदी साबणाची छोटी डबी आणि एक चमचा ठेवा. सॅनिटायझर अडीअडचणीला चालतो, पण उलट्या-जुलाब करवणारा नोरोव्हायरस त्याने नीट जात नाही. साबण आणि वाहतं पाणी लागतंच.

८. पावसाळा वेगळा धरा

जून उजाडला की वर सांगितलेलं सगळं दुप्पट कडक पाळा. रस्त्यावर पाणी तुंबतं, गटारं आणि जलवाहिन्या एकाच पाण्यात बुडतात, आणि दरवर्षी या महिन्यांत गॅस्ट्रो, कावीळ, टायफॉईडचे रुग्ण वाढतात. नळाचं पाणी गढूळ आलं तर उकळल्याशिवाय ते चूळ भरायलाही वापरू नका. पालेभाज्या, सॅलड, कच्चा कांदा, ओल्या चटण्या, कुल्फी, पाणीपुरी पावसाळाभर बंद. गरम भजी, कणीस, चहा चालू.

याआधीच डॉक्टरांना लसीबद्दल विचारून घ्या. टायफॉईडची कॉन्जुगेट लस एका टोचणीत होते, हेपटायटिस ए या काविळीची लसही मिळते. ही कावीळ लहानपणी होऊन गेली तर बहुधा कळतही नाही, मोठेपणी मात्र महिना-महिना अंथरुणाला खिळवते. ज्यांचं बालपण स्वच्छ पाण्यात गेलं त्यांना ती झालेली नसण्याची शक्यता जास्त, म्हणून त्यांनी विशेष लक्ष द्यावं. हेपटायटिस ई ची कावीळही दूषित पाण्यातून येते आणि गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते. घरात कोणी गरोदर असेल तर बाहेरचं पाणी पूर्ण वर्ज्य.

९. एवढं करूनही पोट बिघडलं तर

आधी वेळ आठवा. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर बहुधा अन्नात तयार झालेलं विष, ते सहसा दिवसभरात ओसरतं. बारा तास ते दोन दिवसांनी जुलाब लागले तर विषाणू किंवा जिवाणू. टायफॉईड एक-दोन आठवड्यांनी उमटतो, काविळीला तर दोन ते सात आठवडे लागतात. त्यामुळे कालच्याच गाडीवाल्यावर आळ घेण्यात दर वेळी अर्थ नसतो.

औषधांत पहिला मान ओआरएसचा. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ-साखरेचं हेच पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. पुडीवर लिहिलेलं असतं तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी एकदम विरघळवा. मोठी पुडी एक लिटरची असते, छोटी २०० मिलिलिटरची. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. प्रत्येक जुलाबानंतर एक ग्लास घ्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून घोट घोट प्या. केलेलं पाणी २४ तासांनंतर टाकून द्या. दुकानात चकचकीत खोक्यांतून मिळणाऱ्या गोड पेयांना ओआरएस समजू नका. अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला एफएसएसएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. घेताना पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते पाहा.

उपाशी राहू नका. मऊ भात, पेज, वरणाचं पाणी, केळं, ताजं दही. केमिस्टकडून आपल्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. जुलाब बांधणारी गोळी ताप असताना किंवा शौचातून रक्त पडत असताना घेणं धोक्याचं आहे.

डॉक्टरांकडे लगेच कधी जायचं? शौचातून रक्त, १०२ च्या वर ताप, थांबत नसलेल्या उलट्या, सहा-आठ तास लघवी न होणं, तांदळाच्या धुवणासारखे पाण्यासारखे भरमसाट जुलाब, ग्लानी, डोळे पिवळे होणं, किंवा दोन दिवसांत उतार नसणं. आणखी एक: जुलाब बरे झाल्यावर काही दिवसांनी पायांना मुंग्या येऊन जिना चढताना पाय उचलेनासे झाले तर एक दिवसही घालवू नका. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिया-बारे (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, तेव्हा कित्येकांचं दुखणं असंच पोटापासून सुरू झालं होतं.

पैशांची काळजी करून अंगावर काढू नका. महापालिकेच्या 'आपला दवाखाना'मध्ये मोफत तपासतात, आणि साथीच्या रोगांसाठी चिंचपोकळीला महापालिकेचं कस्तुरबा रुग्णालय आहे. एकाच ठिकाणी जेवून दोघा-तिघांना त्रास झाला असेल तर बिल, पार्सलच्या डब्याचा फोटो आणि वेळ जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. तुमच्यामागून तिथे जेवणाऱ्यांचा त्रास वाचेल.

खोलीत चार जण राहत असाल तर आजाऱ्याचा ग्लास, टॉवेल आणि साबण वेगळा ठेवा. जुलाब थांबल्यावरही पुढचे दोन दिवस त्याने बाकीच्यांसाठी चहासुद्धा करू नये.